कृत्रिम टाळू

रूबेन तळकर सरांनी पहिल्या भेटीत
माझं नाव विचारलं नाही.
"राहता कुठं?"
"चिंचपोकळी."
"पुन्हा म्हणा."
डोळे मिटून ऐकलं त्यांनी,
फरशीवर नाणं वाजवून बघावं तसं.
"सोमवारपासून या. तोंड घेऊन."

तर मी त्यांचं तोंड झाले.
चार वर्षं, महिना पंचवीस रुपये.
भायखळ्याच्या दंतवैद्यानं साचा घेतला,
पातळ काळी पट्टी घडवली, वर खडूची भुकटी.
ती टाळूला बसवून एकदाच म्हणायचं: बाळ.
लाळ गिळायची नाही, हसायचं तर नाहीच.
पट्टी काढली की जीभ लागली तिथली पूड पुसलेली,
एक काळी कोर.
सर ती खिडकीशी उजेडात धरायचे, फोटो काढायचे,
मागं पेन्सिलीनं तारीख.
"ल सरळ पुढं जातो," म्हणायचे.
"ळ म्हणताना जीभ वळून घराकडं बघते."

शनिवारी ते वेगळे.
माझगावच्या शाळेत, सहावीच्या बुटक्या बाकांवर,
कोटाला हिरवी चांदणी लावून
एस्पेरांतो शिकवायचे, सगळ्या जगाची भाषा.
पहिल्या शनिवारी एकोणीस जण. दिवाळीनंतर चार:
घड्याळवाले सोराबजी, गोदीतला एक टॅली क्लार्क, मी,
आणि पंखा असतो म्हणून येणारा शाळेच्या गड्याचा मुलगा.
तोच सगळ्यांत छान बोलायचा.

"चार चाकं," सर फळ्यावर लिहायचे.
"यात दोन वेगळे च. आपण दोघांना
एकाच सदऱ्यात कोंबतो.
तिथं ज्याचं त्याला घर,
आणि चारच्या च ला वर टोपीसुद्धा!
आणि मी म्हणजे तिथंही मी."
हे सांगताना दर वेळी नव्यानं आनंद व्हायचा त्यांना.

सोराबजींनी एकदा विचारलं,
"आणि तुमचा ळ, प्रोफेसर? तो कुठं राहतो?"
सरांनी खडू झटकला.
"तिथं नाही."
"मग तुमचं आडनाव?"
"तलकर. चालतं."
थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, पुन्हा:
"चालतं."

ब्राझीलहून, बुडापेस्टहून कार्डं यायची:
एस्तिमाता सिन्योरो तलकर.
प्रबंध लंडनला गेला, ळ वर एकशे ब्याऐंशी पानं,
आणि परत आला: नमुना अपुरा, वक्ता एकच.
ती एकच मी.
विभागात म्हणत, सरांना खेळण्यातली भाषा लागते.
चांदणीवाले म्हणत, हा लोकांच्या तोंडात बोटं घालतो.
रीडर म्हणून लागले, रीडर म्हणूनच घरी गेले.

बहीण सिपोरा बॅलार्ड पियरवरून बोटीनं
इस्रायलला गेली तेव्हा म्हणाली,
"तुझी जगाची भाषा तिथं चालेल का रे?"
तिची पत्रं मराठीत यायची.
दहा-बारा वर्षांनी त्यांत
सकाळची सकाल झाली, जेवणातलं केळं केलं.
सरांनी मला दाखवली ती पत्रं.
प्रत्येक ल भोवती पेन्सिलीचा बारीक गोल,
समासात तारीख.
बाकी काही बोलले नाहीत.

सर गेले त्याला सव्वीस वर्षं झाली.
पट्टी माझ्याकडं आहे, बटणांच्या डब्यात.
माझ्याच टाळूची, पण आता बसत नाही,
तोंडाचा आकारच गेला.

गेल्या महिन्यात कवळी आली, वरची, पूर्ण.
डॉक्टर म्हणजे पोरगाच. म्हणाला,
"आजी, बोलून बघा काहीतरी.
परल, वरली, काहीही."
मी म्हटलं, चिंचपोकळी.
जीभ वळली, प्लास्टिकला नेमकी लागली.
"मस्त," म्हणाला आणि हातमोजे काढू लागला.

मी तोंड उघडं ठेवून बसून राहिले.
वाटलं, आता कुणी ती अलगद काढून घेईल,
खिडकीशी नेईल,
उजेडात धरील.